तीन टिंबं, खाली रेघ

दोन स्क्रू निघाले, पितळेचं कडं सरकलं, नळीवरची लाकडी झाकणी अलगद हातात आली, आणि तिच्या आतल्या अंगाला, जिथं कुणाची नजर पोचायचं काही कारण नव्हतं तिथं, तीन टिंबं होती. तीन टिंबं आणि खाली एक आडवी रेघ. तिनं आधी दाराकडे पाहिलं, चोरी करताना सापडलेलं माणूस पाहतं तसं. मग झाकणी टेबलावरच्या हिरव्या कापडावर पालथी घातली, हातमोजे काढले आणि दोन्ही तळवे मांड्यांवर पुसले. सकाळचे साडेदहा झाले होते. उत्तरेच्या खिडकीतून सावली न पाडणारा, नुसता कामाचा असा उजेड येत होता. वस्तुसंग्रहालयाच्या या खोलीत ती बावीस वर्षं बसत होती आणि जुन्या लष्करी रायफलींचं कूळ शोधत होती. कुठल्या कारखान्यात जन्मली, कुठल्या पलटणीला गेली, कुठं मोडली, कुणी सांधली. तिला सगळे भिंगबाई म्हणत; तोंडावर बाई, पाठीमागे नुसतं भिंग. पण ही रायफल तिच्या टेबलावर कुठल्या पलटणीतून आली नव्हती. ही तिच्या माहेरची होती. लहानपणी ती ज्या खाटेवर झोपायची, त्या खाटेच्या वर दोन खुंट्यांवर ती आडवी असायची; डोळे मिटताना शेवटचं आणि उघडताना पहिलं तेच दिसायचं, नळीचं काळं, गोल, कधी न मिटणारं तोंड.

काल दादानं ती आणली होती. जुन्या चादरीत गुंडाळून, तान्हं मूल आणावं तशी छातीशी धरून. आणली ती थेट साहेबांच्या खोलीत; बहीण त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर बसते हे त्याला साहेबांशी चहा पिऊन झाल्यावर आठवलं. पुढच्या सोमवारी संग्रहालयात शूरांचं दालन उघडायचं होतं आणि दादाला त्यात आप्पांची रायफल हवी होती, काचेच्या कपाटात, खाली दिवा. “बारके,” तो म्हणाला होता, छप्पन्न वर्षांच्या बाईला, साहेबांसमोर, “मी यांना सगळं सांगितलंय. पूल, ती रात्र, आप्पांनी एकट्यानं धरलेलं नाकं. तू फक्त तुझ्या भाषेत पत्रिका लिहायची. चार ओळी.” प्रत्येक हत्याराच्या माहितीच्या कार्डाला त्यांच्याकडे पत्रिका म्हणायची पद्धत होती. “माझ्या भाषेत म्हणजे?” “म्हणजे ते तुझे नंबर, शिक्के, काय काय असतं ते. लोकांना खरं वाटेल असं.” “खरं वाटेल असं मी लिहीत नाही, दादा. खरं असेल ते लिहिते.” “ऐकलंत साहेब? घरातही हेच. आमटी खारट झाली म्हटलं तर पुरावा मागायची.” साहेब हसले. साहेब आधी हसायचे आणि नंतर विचार करायचे. “बाई, सोमवारच्या आत,” ते म्हणाले, “आणि जरा मनापासून लिहा. वडील आहेत तुमचे.” म्हणूनच मनापासून नको, असं तिच्या ओठावर आलं होतं. पण खरं सांगायचं तर तिला आतून उकळी फुटली होती. आज ती तासभर लवकर आली ती त्या उकळीनंच. लाकडी दस्त्याच्या कडेला, जिथं रायफलीचा नंबर असतो, नेमकी तिथंच आप्पांनी एक पितळी पट्टी बसवली होती, वर फक्त एक तारीख कोरलेली, पुलाच्या रात्रीची. लहानपणापासून त्या पट्टीखाली काय आहे ते पाहायचं तिच्या मनात होतं. आता पाहायचा तिचा धंदाच होता. नंबर कळेल, नंबरावरून पलटण कळेल, आणि ही रायफल त्या रात्री त्या पुलापासून शे-दोनशे कोस लांब होती हे एकदा कागदावर आलं की संपलं. मेलेल्या माणसाचं खोटं पकडायचं होतं तिला. सुरीला धार लावून बसली होती.

आणि निघाली ही टिंबं. तीन टिंबवाला माणूस तिला ठाऊक होता. म्हणजे जगात कुणाला ठाऊक असेल तर तो तिलाच. जुन्या दुरुस्ती-डेपोत, जो बंद होऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली, फुटलेल्या दस्त्यांच्या रायफली गाड्या भरभरून यायच्या. कारागीर फुटका भाग कापून तिथं नव्या लाकडाचं ठिगळ बसवायचे आणि आपापली खूण आतून ठोकायचे. बहुतेकांची ठिगळं ठिगळंच दिसायची. या एकाची दिसत नसत. नखाला लागत नसत. भिंगाखाली धरलं तरच कळायचं, की जुन्या लाकडाच्या रेषा नव्या लाकडात शिरताना थबकत नाहीत, ओळखीच्या घरात शिरावं तशा उंबरा ओलांडून आत जातात. असा तुकडा मिळेपर्यंत तो माणूस किती लाकडं उलटीपालटी करत बसला असेल? कुणासाठी? ज्या हत्याराला उद्या चिखलात पडायचं, त्याच्यासाठी? संग्रहालयातल्या एकशे त्रेचाळीस रायफलींवर तिला त्याची खूण सापडली होती. अकरा वर्षं तिनं त्याचा माग काढला. तिच्या पुस्तकातलं सगळ्यांत मोठं प्रकरण त्याच्यावर होतं आणि लांबलांबचे लोक तिला त्या प्रकरणाबद्दल पत्रं लिहायचे. त्यात एक वाक्य होतं, या माणसाला लाकडाची दया येत असावी. असं वाक्य तिनं दुसऱ्या कुणाबद्दल लिहिलं नव्हतं, बोललीही नव्हती. डेपोच्या रजिस्टरात त्याची खूण होती आणि तिच्यासमोर बिल्ला नंबर, चारशे सतरा. कुठल्या बिल्ल्याचं काय नाव, ती यादी मात्र वाळवीनं खाल्ली होती. एकशे त्रेचाळीस पत्रिकांवर तिनं आपल्या हातानं लिहिलं होतं, कारागीर: अज्ञात.

तर त्यानं आप्पांची रायफल दुरुस्त केली होती. एवढंच. पहिल्या धक्क्यानंतर तिला बरंच वाटलं. वेड्यासारखं बरं वाटलं. म्हणजे त्या घरात तो होता. आप्पा लंगडत, कमरेचा पट्टा सावरत खोलीत यायचे, आई स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची, आणि वर भिंतीवर, लाकडाच्या आत, एक शहाणा, हळुवार हात झाकलेला असायचा. दर रविवारी रायफल उतरवली जायची. दादा तेलाची वाटी धरायचा आणि ती जुन्या चादरीच्या चिंध्या करायची. “नळीला बोट लागता कामा नये,” आप्पा म्हणायचे, “बोटाला घाम असतो. घाम म्हणजे गंज.” ती नऊ वर्षांची असताना तिचं बोट लागलं. नळीवर बोटाचा ठसा उमटला, पाण्याच्या थेंबाएवढा. आप्पांनी साफसफाईची सळी उचलली, तिचा डावा हात खाटेच्या कडेवर ठेवला आणि मारलं, न रागावता, मोजून. करंगळीशेजारचं बोट तेव्हापासून पुरतं सरळ होत नाही. डॉक्टरकडे नेलं नाही. पडली म्हणून सांगावं लागलं असतं आणि डॉक्टर ओळखीचे होते. लाकूड मोडलं, त्याला ठिगळ मिळालं. लोखंड गंजलं, त्याला तेल मिळालं. लेकीचं बोट मोडलं, त्याला हातातली चिंधी मिळाली. तेलाचा वास आठ दिवस गेला नाही. त्या वाकड्या बोटानं भिंग धरायची तिला इतकी सवय झाली होती की सरळ बोटानं ते घट्ट बसलंच नसतं, असं ती कधीकधी गमतीनं म्हणायची. ऐकणारे हसायचे. तीन टिंबवाल्यानं असं केलं नसतं. हे तिनं इतक्या वेळा मनात म्हटलं होतं की तो तिच्या वयाबरोबर बदलत गेला होता. आधी बापाच्या जागी, मग मोठ्या भावाच्या, आणि हल्ली हल्ली तर तो जेवायला समोर बसायचा, न बोलता, ताटातलं सगळं संपवून.

मग तिनं दादानं सोबत दिलेली कापडी पिशवी उघडली. काल त्यानं ती टेबलावर आपटली होती, “बाकीचं सामान. पट्टा, टोपी, पलटणीचा नंबर.” पट्टा होता, चिरा पडलेला. टोपी होती. आणि पलटणीचा नंबर म्हणजे एक गोल पितळी बिल्ला होता, वर भोक पाडलेला. डेपोच्या फाटकाशी खिळ्यांचा एक फळा असायचा. कामगार आत जाताना आपला बिल्ला खिळ्यावरून काढायचा, सुटताना परत अडकवायचा. असे सहा बिल्ले वरच्या दालनात होते. तिनंच मांडले होते. दादा लष्करात नव्हता आणि डेपोतही नव्हता, त्याला काय कळणार. त्यानं शाळाशाळांतून भाषणं करताना हा बिल्ला पोरांना हातात घेऊन पाहायला दिला होता. बिल्ल्यावर चारशे सतरा होतं. तिनं तो उलटा केला. पुन्हा सुलटा केला. चारशे सतराच होतं. खोलीत कुठंतरी पंखा कुरकुरत होता.

हात थांबले नाहीत. हातांना बावीस वर्षांची शिस्त होती. पेचकस घेऊन तिनं पितळी पट्टी काढली, चार स्क्रू बशीत ठेवले, खालचा नंबर वाचला. बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरली. मग पालथी करून पाहिली. जिथं काडतूस बसतं तिथं खालून सुपारीएवढं भोक पाडलेलं होतं, नळीतच, लाकडानं झाकलेलं. कवायत शिकवायच्या रायफलींना असं भोक पाडत, म्हणजे चुकून कुणी बार काढू नये. ही रायफल मेलेलीच होती. आयुष्यभर मेलेली. पुलावर सोडा, चिमणीवरसुद्धा झाडता आली नसती. आणि आता तिला रजिस्टर उघडायची गरज नव्हती, ती ओळ तिला पाठ होती. तरी तिनं उघडलं. डेपो बंद झाला त्या वर्षीचं शेवटून तिसरं पान. नंबर जुळला. ‘कवायतीची. निकामी. बिल्ला ४१७ यास निरोपादाखल.’ याच ओळीवर तिनं पुस्तकात दीड पान लिहिलं होतं. निवृत्त कारागिराला त्यानं सांधलेलंच हत्यार भेट द्यावं, आणि ते त्यानं न्यावं, यात काय काय असेल! ती रायफल आज कुठल्या भिंतीवर असेल, असं तिनं भाबडेपणानं विचारलं होतं. छापलं होतं ते. लोकांनी त्याखाली रेघा ओढल्या होत्या. कुठल्या भिंतीवर? तुझ्या डोक्यावर, बये. तुझ्याच डोक्यावर.

आईकडे ती दुपारी गेली, दादा कामावर असताना. आई दादाच्या घरी खिडकीशी बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही शेंग एका अंगठ्यानं फोडायची. “आज कुणीकडून उगवलीस?” “आप्पा डेपोत होते,” ती चप्पल काढायच्या आतच म्हणाली. “लढाईत नव्हते.” आईचा अंगठा थांबला नाही. “मग? पडला का उजेड?” “तुला माहीत होतं.” “मी त्याची बायको होते की संग्रहालय?” “आणि पाय? गोळी लागलेला पाय?” “पेटी पडली. लाकडाची पेटी. ये, बस, उभ्यानं भांडू नकोस, मान दुखते माझी वर बघून.” ती बसली नाही. आईनं सांगितलं ते शेंगा सोलत, चार वाक्यांत, जणू शेजारणीचं सांगत होती. डेपो बंद झाला. या शहरात आले, दादा दोन वर्षांचा. लाकडाचं काम मागायला गेले तर मजुराचा भाव सांगत, आणि पाय पाहून तेही नाही म्हणत. बँकेला दारावर उभा राहायला माणूस हवा होता, पण माजी सैनिकच हवा होता. घरात रायफल होती. “तिथल्या साहेबानं विचारलं, लढाईत होतास का. हा म्हणाला, होतो. एकदा म्हटलं की म्हटलं. तोंडातून निघालेलं आणि नळीतून सुटलेलं. मग लोक विचारायचे, कुठं होतास, काय केलंस. रोज थोडं थोडं सांगता सांगता पूल झाला.”

“आणि आपलं ते टेबल?” तिनं विचारलं. तिला स्वतःलाच कळलं नाही हे कुठून आलं. घरातलं जेवायचं टेबल जन्मभर डुगडुगायचं. पायाखाली घडी घातलेला कागद असायचा, दर महिन्याला नवा. खुर्चीची पाठ दोरीनं बांधलेली. ज्या हातानं एकशे त्रेचाळीस रायफली अशा सांधल्या की भिंगाला हार जावं लागलं, त्या हातानं घरच्या टेबलाचा पाय टेकवला नाही. “हात लावू द्यायचा नाही स्वतःला,” आई म्हणाली. “कुणी आलं-गेलं, पाहिलं, तर विचारील, शिपायाला हे कसं येतं? एकदा शेजाऱ्यांचं दार घासत होतं, ते याला म्हणाले जरा रंधा मारता का, तर हा म्हणाला मला जमत नाही. घरी येऊन जेवला नाही.” आई पहिल्यांदा थांबली. “हात रिकामे पडले त्याचे. रिकामा हात कुठंतरी पडतोच.” “माझ्यावर पडला.” “तुझ्यावर. माझ्यावर. हो.” “हे कारण झालं?” “कारण कोण म्हणतंय? तू विचारलंस, मी सांगितलं. कारणं तुम्ही शिकलेल्यांनी काढावीत.” “तू दार लोटून घ्यायचीस, आई.” यावर आईनं सोललेल्या वाटाण्यांत बोटं फिरवली, उगाच, एखादा किडका शोधावा तशी. “मग मी काय करायचं होतं?” ती म्हणाली, आणि तिचा आवाज प्रथमच म्हातारा झाला, “तुझं भिंग होतं का माझ्याजवळ?” ती निघाली तेव्हा आई मागून म्हणाली, “लिहायचं ते लिही. पण आईला विचारून लिहिलं असं सांगत फिरू नकोस. मला या घरात राहायचंय.”

परत येताना ती चालतच आली. सिग्नलशी, फळांच्या गाड्यांशी, औषधांच्या दुकानाशी ती थांबत होती आणि पुन्हा चालत होती, आणि सारा वेळ तिला एकच गोष्ट छळत होती: त्यानं तिच्याकडून हेही काढून घेतलं. तिच्याजवळ एक माणूस होता, उभ्या आयुष्यात तिनं स्वतः शोधून काढलेला एकच चांगला माणूस, आणि तोही हाच निघाला. मेलेला माणूस मेल्यावरसुद्धा घरात शिरतो, कपाटं उघडतो, नेमकी वस्तू उचलून नेतो. दादाला हवं तसं लिहिलं तर तो शूर होणार. खरं लिहिलं तर तो थोर कारागीर होणार. तिच्याच पुस्तकानं, तिच्याच दयेच्या वाक्यानं, तिच्याच अकरा वर्षांनी. दोन्हीकडून त्याचीच आरती. आणि मग तिला तिसरी वाट दिसली, इतकी सोपी की तिला रस्त्यातच हसू आलं. काही करायचंच नाही. बिल्ला पिशवीत घालायचा. रायफलीला चार कोरडे शब्द: कवायतीची, निकामी, डेपोत दुरुस्त, कारागीर अज्ञात. शूरही नाही, थोरही नाही. नुसता बँकेच्या दारातला लंगडा. जगात दुसरं कुणी हे जुळवू शकणार नव्हतं. तो ज्या एका गोष्टीत खरोखर मोठा होता ती गोष्ट तिच्या मुठीत होती आणि मूठ उघडायची की नाही हे तिनं ठरवायचं होतं. इतकी ताकद त्याच्यावर तिला कधीच मिळाली नव्हती. खोलीत आल्याबरोबर तिनं कार्ड घेतलं, पेन उघडलं, ‘कारागीर’ लिहिलं, दोन ठिपके दिले. आणि हात अडला. दयेनं नव्हे; दया शोधूनही सापडली नसती. पण आजवर तिनं अज्ञात लिहिलं ते माहीत नव्हतं म्हणून. आता माहीत असून लिहिणार होती. बँकेच्या दारात उभा राहून त्यानं जे केलं, तेच ती टेबलाशी बसून करणार होती. आणि मग तेही एकदा म्हटलं की म्हटलं, पुढं रोज थोडं थोडं. त्याच्या नाकाचा आकार तिला मिळाला होता, ते पुरेसं होतं. आणखी काही घ्यायचं नव्हतं त्याच्याकडून. तिनं नाव लिहिलं. त्याचं, त्याच्या बापाचं, आडनाव. बिल्ला ४१७. मुक्काम दुरुस्ती-डेपो. युद्धसेवा: नाही.

शुक्रवारी दादा आला तो साहेबांना घेऊनच खाली आला. कार्ड त्यानं चष्मा न लावता वाचायला घेतलं, मग लावून वाचलं. “हे काय आहे?” “पत्रिका.” “मिस्त्री?” “कारागीर लिहिलंय.” “कारागीर म्हणजे मिस्त्रीच ना! बारके, आप्पांना तू मिस्त्री केलंस?” “मी नाही केलं. बिल्ला फाटकावरचा आहे, दादा. पलटणीचा नाही. वर सहा मांडलेत, जाऊन बघ.” दादाचा चेहरा आधी लाल झाला आणि मग एकदम त्यातलं रक्त कुणीतरी ओढून घेतल्यासारखा झाला, आणि तिला दिसलं की त्याला कुठंतरी, फार खाली, हे माहीत होतं. “चाळीस वर्षं टपून बसली होतीस,” तो म्हणाला. “जिवंतपणी हिंमत नव्हती. मेल्यावर मारलंस.” “मारायला बसले होते, खरं आहे. पण पुढं वाच. दुसऱ्या बाजूला.” दुसऱ्या बाजूला तिनं तोललेल्या शब्दांत लिहिलं होतं, डेपोतल्या ज्ञात कारागिरांत सर्वांत कुशल, एकशे त्रेचाळीस नग, पाहा, ग्रंथ, प्रकरण सातवं. दादानं वाचलं. “मला कौतुक नकोय,” तो म्हणाला. “मला पूल हवाय.”

“अहो, जरा शांतपणे,” साहेब म्हणाले. “बाई, प्रश्न असा आहे, शूरांच्या दालनात मिस्त्री बसवायचा कसा?” “नका बसवू.” “निमंत्रणं गेलीत हो.” “मग पूल दुसऱ्या कुणाचा तरी आणा.” दादा तिच्याकडे पाहत होता, लहानपणी तेलाची वाटी धरून पाहायचा तसा, बाजूला उभा राहून. त्याला कधी मार बसला नव्हता. त्याला गोष्ट मिळाली होती. तिला सळी मिळाली. आणि आता त्याची गोष्ट गेली होती, तिची सळी मात्र होती तिथंच होती. “बरं, एक कर,” तो हळू आवाजात म्हणाला, आणि त्या हळू आवाजाचा तिला सगळ्यांत जास्त राग आला, “नाव काढ. रायफल मी नेतो. पण तुझ्या त्या रजिस्टरात, पुस्तकात, आपलं नाव नको. अज्ञात होतं ना? तसंच राहू दे. कुणाचं काय बिघडतंय?” “नाव राहील.” “तू तर त्यांचं नाव लावतही नाहीस. एकोणीस वर्षांची असताना गेलीस, सहीतूनसुद्धा काढून टाकलंस.” “हो. माझ्या सहीत नाही येणार. त्यानं केलेल्या कामावर येईल.” “का पण?” तो ओरडला. “तुझा एवढा राग आहे तर का?” उत्तर होतं, पण ते दादाला द्यायला ती बांधील नव्हती. तिनं पितळी पट्टी लिफाफ्यात घातली, चार स्क्रू मोजून घातले आणि लिफाफा त्याच्यासमोर सरकवला. “तू लाव,” ती म्हणाली. “बसवायची तर तूच बसव.” दादानं रायफल चादरीत गुंडाळली, या वेळी छातीशी न धरता, काखेत मारून, आणि गेला. साहेब मागे राहिले, काचेच्या रिकाम्या कपाटाचा विचार करत. “तुम्ही फार कठोर आहात बाई,” ते म्हणाले. ते त्यांना सुचलेलं पहिलं खरं वाक्य असावं. ती म्हणाली, “दार ओढून घ्या जाताना.”

मग तिनं एकशे त्रेचाळीस पत्रिकांचा लाकडी खण टेबलावर आणून ठेवला. नियम असा होता की दुरुस्ती छापील करायची नाही, जुन्या शब्दावर एक रेघ मारून नवा शब्द हातानं लिहायचा, खाली तारीख. म्हणजे आधी काय होतं तेही दिसलं पाहिजे. नियम तिनंच केला होता. पहिल्या पत्रिकेवर अज्ञातवर रेघ मारताना पेन कागदात रुतलं. नाव लिहिताना शाई फुटली. गेली सदतीस वर्षं हे नाव तिच्या हातानं कुठंही लिहिलं गेलं नव्हतं, आणि अक्षरं अनोळखी गावातल्या पाट्यांसारखी वाटत होती. एक वेलांटी चुकली, ती सुधारली. शाळेत शिक्षा म्हणून लिहायला लावतात तसं ती लिहीत होती: दात आवळून, एकेक. दुसरी. तिसरी. खाली पत्रिकेत तिनंच पूर्वी लिहिलेलं असायचं, ठिगळ अदृश्य, सांधा निर्दोष, आणि वर हे नाव. पाचव्या पत्रिकेला तिचा हात दुखला. आठवीला दुखायचा थांबला. दहावी लिहून झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की नाव आता एका झटक्यात उतरतंय, गोल, सरळ, वळणदार, कुठल्याही माणसाचं असावं तसं. पेन आपोआप अकराव्या पत्रिकेकडे गेलं होतं. तिनं ते उचललं, टोपण लावलं, आणि खण बंद केला. सोपं जाऊ द्यायचं नव्हतं. एकशे तेहेतीस राहिल्या होत्या. रोज दहा, तिनं ठरवलं, रोज सकाळी, आल्या आल्या, हात गार असतानाच. दहाच्या वर एकही नाही.